पडद्यामागून वाचणारी सोमारी

शाळेच्या भिंतीवर परवा पुन्हा नाटकाचा कागद चिकटला. खळ अजून ओली होती, खालचा कोपरा वाऱ्यानं फडफडत होता, आणि पहिलीतली चार पोरं त्याच्यासमोर उभी राहून नटीच्या डोळ्यांतलं पाणी खरं की काढलेलं, यावर भांडत होती. धान कापून झालं, खळ्यांवर पेंढ्यांची पुंजणी उभी राहिली, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम लागतो. वडशाहून कंपन्या निघतात आणि थेट होळीपर्यंत गावोगाव फिरतात. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, नाटक पाहिजेच. नाटकाच्या नावात एक तर कुंकू असतं, नाहीतर सूड, आणि नशीब जोरावर असेल तर दोन्ही.

त्याच दिवशी दुपारी फोनवर एक पत्रही आलं. वाचनाचा तास कसा घ्यावा, याचं. मुलांनी रांगेत बसावं, एकेकानं उभं राहून मोठ्यानं, स्पष्ट आणि न थांबता वाचावं, शिक्षकानं घड्याळ लावावं. मी ते दोनदा वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकला. 'न थांबता' हे दोन शब्द दिसले की माझं डोकं अजून तापतं. सोमारीच्या त्या मोसमाला सात वर्षं झाली, तरी तापतं.

मी मूळची वडशाची. अब्बा शिंपी. वर्षभर शाळेचे गणवेश आणि लग्नाचे ब्लाउज शिवायचे, पण दिवाळी जवळ आली की दुकानात राजाचा अंगरखा, फौजदाराची वर्दी आणि पाच-सहा हात लांब पडद्यांच्या कडा येऊन पडायच्या. माप घ्यायला ते तालमीला जायचे आणि मला सोबत न्यायचे. मोठी माणसं खोटी मिशी लावून खरं रडतात, हे मी तिथं पाहिलं. पण माझं लक्ष पडद्याआड चटईवर बसलेल्या माणसाकडं असायचं. मांडीवर नाटकाची वही, डोळ्यांवर चष्मा, अंगात जाडा स्वेटर. तो प्रॉम्प्टर. आमच्याकडचे नट एका मोसमात इतकी नाटकं करतात की सगळी पाठ होणं शक्यच नाही. म्हणून हा माणूस एक वाक्य खालच्या आवाजात सांगतो आणि थांबतो. नटानं ते प्रेक्षकांत फेकलं, की पुढचं सांगतो. नट गडबडला तर तेच वाक्य पुन्हा, जरा जोरात. पुढं पळायचं नाही.

"बेटा, याले कोणी टाळी नाई देत," अब्बा दोरा दातानं तोडत म्हणायचे, "पन हा उठून गेला तं राजा बी मुका न फौजदार बी मुका."

मला नोकरी लागली ती चामोर्शीहून आत, जंगलातल्या एका गावात. दोन शिक्षकांची शाळा, चौथीपर्यंत. मोठे गुरुजी आणि मी. वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा तास 'वाचन' असा होता, आणि त्या तासाइतकं मेलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पोरं धडा एका सुरात गायची. बोट तिसऱ्या ओळीवर, आवाज सातव्या ओळीवर. गोष्टींची पुस्तकं होती, चांगली रंगीत होती, पण ती पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. किल्ली गुरुजींच्या जानव्याला नव्हती एवढंच. मी मागितली तेव्हा ते कळवळून म्हणाले, "बाई, पोट्टे फाडतीन ना. तपासणीत फाटलं पुस्तक दिसलं तं कोन जबाबदार?"

मी, म्हटलं. मी जबाबदार. द्या किल्ली.

पेटी उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कोऱ्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती. आमच्या पोरांच्या वयाइतकी वर्षं ती पुस्तकं कोणी हातात घेतली नव्हती, आणि याला आम्ही सांभाळणं म्हणत होतो. मला तेव्हा जो राग आला तो पुढं खूप कामी आला.

सोमारी तिसरीत होती. घरी गोंडी बोलायची, गावात झाडी बोलायची आणि वर्गात काहीच बोलायची नाही. उभं केलं की मान खाली. "मोठ्यानं वाच" म्हटलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पहिलीपासून तिच्या नावापुढं 'वाचता येत नाही' असं चाललं होतं, आणि मीही दोन महिने तेच पुढं ओढलं. खोटं कशाला बोलू.

मग भिंतीवर नाटकाचा कागद लागला. गावच्या मंडईचं रात्रभराचं नाटक होऊन दुसरा दिवस उजाडला होता. अशा दिवशी आमची शाळा म्हणजे डुलक्यांचा कारखाना. कोवळ्या उन्हात व्हरांड्यावर पोरं एकमेकांच्या खांद्यावर पेंगत होती. कोणाच्या खिशात लाखोळीच्या शेंगा, कोणाच्या केसांत धानाचा भुसा. मी हजेरी घेत होते आणि खिडकीतून मला भिंतीपाशी सोमारी दिसली. ती पहिलीतल्या लहान भावाला कागद वाचून दाखवत होती. नाटकाचं नाव, तीन अंकी, कौटुंबिक, नटांची नावं, तिकीट मिळण्याचं ठिकाण, सगळं. अडत होती, पण अक्षर सोडत नव्हती. एक ओळ सांगायची, भाऊ ती ओरडून म्हणायचा, मग पुढची. आवाज इतका खालचा की मला खिडकीशी कान लावावा लागला.

मला एकदम स्वेटर घातलेला तो माणूस आठवला. जिला आम्ही दोन वर्षं 'मोठ्यानं, मोठ्यानं' म्हणून गप्प करून ठेवलं होतं, तिचा आवाज पडद्याआडचा होता. आणि पडद्याआडच्या आवाजाची आमच्या मुलखात केवढी गरज असते, हे शिंप्याच्या पोरीला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या रविवारी वडशाला गेले आणि अब्बांकडून एक जुना पडदा मागून आणला. एका कंपनीनं टाकून दिलेला, जंगलाचा देखावा रंगवलेला. वर्गात दोरीला बांधला तर पोरं पोट धरून हसली. "बाई, हे कोठचं जंगल व्हय? याच्यात मोह नाई, येन नाई, नुसते नारळाचे झाडं!" ज्यानं रंगवलं त्यानं बहुधा आमचं जंगल एसटीच्या खिडकीतूनही पाहिलं नसावं. पोरांनी खडूनं त्याच पडद्यावर मोह काढला, खाली फुलं काढली, एक अस्वल काढलं.

मग शुक्रवारचा तास सुरू झाला. पेटीतलं एक पुस्तक घ्यायचं, गोष्ट नाटकासारखी करायची. पडद्यापुढं नट, त्यांच्या हातात कागद नाही. पडद्यामागं चटईवर एक जण पुस्तक घेऊन. त्यानं एक वाक्य सांगायचं, थांबायचं, नटानं बोललं की पुढचं. नियम एवढाच. पहिली गोष्ट होती सर्दी झालेल्या अस्वलाची. त्याला मधाचा वासच येत नाही आणि ते साऱ्या रानात नाक उसनं मागत फिरतं. अस्वल व्हायला सगळे तयार. चटईवर बसायला कोणीच नाही. मी सोमारीला बसवलं.

पहिल्या शुक्रवारी ती दोन पानांत घामाघूम झाली. दुसऱ्या शुक्रवारी तिनं पुस्तक आधी घरी मागितलं. चौथ्या शुक्रवारी अस्वल मध्येच अडलं, वर्ग हसायला लागला, आणि पडद्यामागून तेच वाक्य पुन्हा आलं, जरा जोरात, अगदी शांत. अस्वलानं ते पकडलं आणि नाटक पुढं गेलं. त्या दिवसापासून चटईसाठी भांडणं लागली. जो अडखळेल तो नटांचा मार खाईल, म्हणून प्रॉम्प्टर होणारी पोरं पुस्तक दप्तरात घालून घरी न्यायला लागली. शेळ्यांमागं वाचायची, शेकोटीपाशी वाचायची. पुस्तकांचे कोपरे दुमडले, एकावर वरणाचा डाग पडला, एकाचं मलपृष्ठ गेलं. गुरुजी ते पाहून नुसते 'अरे अरे' करत राहायचे. मला ती पुस्तकं पहिल्यांदाच पुस्तकं वाटत होती.

आणि मग साहेब आले. नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. तालुक्याहून वाचनाची चाचणी घ्यायला आले होते. एक मूल, एक उतारा, एक मिनिट. टेबलावर फोन ठेवून त्यांनी घड्याळ लावलं. सोमारीची पाळी आली. ती उभी राहिली, कागद हातात घेतला, आणि खालच्या आवाजात स्वच्छ वाचलं, "रामूच्या घरी एक पांढरी शेळी होती." मग थांबली आणि साहेबांकडं पाहायला लागली.

"पुढे?" साहेब म्हणाले.

तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. जरा जोरात. पुन्हा थांबली.

"अगं, पुढे वाच!"

तिसऱ्यांदा तेच. आणि नट फारच बावचळला की प्रॉम्प्टर करतो तशी मान हलवून तिनं त्यांना धीर दिला. "बोला न सर."

वर्ग फुटला. साहेबांचा चेहरा लाल झाला. मिनिट संपलं होतं. सोमारी माझ्याकडं वळून अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई, सर बोलूनच नाई राह्यले. मी तं तीनदा सांगितली त्याहिले."

मी समजावून सांगायला गेले. साहेब, ती अडलेली नाही, ती तुमची वाट पाहते आहे. आम्ही असं वाचतो. साहेब म्हणाले, "मी काय नट आहे का, बाई?" त्यांनी शेरेबुक मागितलं. येणाऱ्या प्रत्येक साहेबानं आपलं मत लिहायची ती वही. त्यात लिहिलं की तिसरीची विद्यार्थिनी एका वाक्यापुढं वाचू शकत नाही, वाचनाच्या तासाला नाटकाचा गोंधळ चालतो, तो बंद करावा, आणि वाचता न येणाऱ्यांच्या यादीतल्या मुलांना त्या तासाला वेगळं बसवून बाराखडी गिरवून घ्यावी. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, स्पष्ट आणि न थांबता. सोमारीनं सगळं ऐकलं. चटईवरचं अस्वलाचं पुस्तक उचललं, कोणी न सांगता पेटीत नेऊन ठेवलं आणि झाकण लावलं.

चूक माझी होती, हे मी तेव्हाही नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. पडद्यामागं कसं वाचायचं ते मी शिकवलं. पडदा नसताना कसं वाचायचं, ते सांगायचं राहून गेलं. मला सुचलंच नाही. पण चूक माझी आणि बाराखडी तिला, हा कुठला न्याय? साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी शेरेबुक ओढून त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'हा शेरा मला मान्य नाही. सोमारी वाचते.' खाली माझी सही.

गुरुजी पांढरे पडले. "बाई, साहेबाच्या शेऱ्याखाली कोनी लिहीत असते का? बदली करतीन ना तुमची."

"करू द्या. वही तं इथंच राहीन ना."

कोणी म्हणेल, एवढा कसला ताठा? चार ओळींचा तर शेरा होता. पण मी पाहिलं आहे, आमच्या भागातल्या पोरांवर अशा एका ओळीचं किती वर्षं ओझं राहतं. पोरगी पहिलीत गप्प बसते, कोणीतरी 'येत नाही' लिहितं, पुढचा मागच्याचं पाहून लिहितो, आणि सहा-सात वर्षांनी तीच पोरगी आपल्या तोंडानं सांगते, मले नाई येत. सोमारी त्या वाटेवरून परत फिरली होती. तिला मी कोणालाही पुन्हा त्या वाटेला लावू देणार नव्हते.

पुढच्या शुक्रवारी मी पडदा बांधला. नाटक केलं. पण सोमारी चटईवर बसायला तयार होईना. "मी यादीतली व्हय न," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मी तिच्या घरच्या खळ्यावर गेले. तिची माय सुपानं धान उडवत होती. मला पाहून थांबली, पदरानं तोंडावरचा भुसा पुसला.

"बाई, पोरगी आठ दिवस झाले वाचूनच नाई राह्यली," ती म्हणाली. "पहिले रोज वाचे. मी धान उडवत राहो न हे बाजूले बसून सांगत राहे. आता खळं सुनं लागते."

मी तिला शेऱ्याचं सांगितलं. ती सूप खाली ठेवून हसायलाच लागली. "मले अक्षर नाई येत, बाई. हे वाचते का नाई, ते मी काय सांगू? पन मले अस्वलाची गोष्ट पुरी येते. उंदराची येते. थ्या चंद्र गिळनाऱ्या बेडकाची बी येते. ह्या पोरीले वाचता येत नाई, तं मंग ह्या गोष्टी माह्या डोक्यात घातल्या कोनं?"

शेऱ्याखालची माझी ओळ तालुक्यापर्यंत पोचली होती, आणि मला खुलासा मागणारं पत्र तोवर आलंच होतं. रात्रंदिवस काय लिहू याची चिंता होती, ती खळ्यावर मिटली. मी घरी येऊन लिहिलं, 'सोमारीच्या आईला अक्षरओळख नाही. तरीही शाळेच्या पेटीतल्या बऱ्याच गोष्टी तिला तोंडपाठ आहेत. त्या तिला कोणी वाचून दाखवल्या, याची साहेबांनी स्वतः येऊन चौकशी करावी, ही विनंती.' गुरुजींनी तो कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी शाळेचा शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

मायनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी सोमारी स्वतः येऊन चटईवर बसली. बेडकाची गोष्ट चालली होती. आमच्या वर्गाला दोन दारं. एक पुढून, एक मागच्या परसाकडून, आणि मागचं दार पडद्याआड उघडतं. साहेब त्या दिवशी न कळवता आले, आणि गाडी मागं लावून मागच्याच दारानं आत शिरले. मी पडद्याच्या कडेला उभी होते म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं. सोमारीनं मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं, आणि सरकून चटईवर त्यांना जागा दिली. पडद्यामागं कोणी आलं की असंच करायचं असतं.

साहेब बसले. बुटांसकट मांडी घालून, गुडघे वर. सोमारी वाचत होती. एक वाक्य, थांबा. पडद्यापलीकडून बेडूक ओरडलं, की दुसरं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. बेडकानं चंद्र गिळला, रानात काळोख झाला, सगळे प्राणी जमून त्याला हसवायचं ठरवतात तिथवर गोष्ट आली, आणि नेमकं तेव्हा आमचं माकड वाक्य विसरलं. सोमारीनं ते पुन्हा सांगितलं आणि वाट पाहत राहिली. माकड डोकं खाजवत होतं.

साहेब पुस्तकावर वाकले. त्यांना राहवेना. कुजबुजले, "पुढे?"

"थांबा न सर," सोमारी पानावरून नजर न उचलता म्हणाली. "त्याले बोलू द्या."

आणि साहेब थांबले. माकड बोललं, बेडूक हसलं, चंद्र सुटला.

नंतर व्हरांड्यात त्यांनी शेरेबुक मागवलं. आपला शेरा उघडून वाचला, मग यादीतलं सोमारीचं नाव काढायचं गुरुजींना सांगितलं. मला म्हणाले, "बाई, मी माझं खोडतो, तुम्ही तुमचं खोडा. विषय संपला." माणूस वाईट नव्हता, मगाशी म्हटलं तसा. पण मी मान हलवली. तुमचं तुम्ही खोडा साहेब, म्हटलं, माझं मी खरं लिहिलं आहे. त्यांनी आपल्या ओळींवर आडवी रेघ मारली. ती वही अजून कपाटात आहे. वर खोडलेला शेरा, खाली माझी ओळ. बदली झाली नाही. झाली असती तरी ओळ राहिली असती.

सोमारी आता आश्रमशाळेत दहावीला आहे. मोठ्यानंही वाचते, ते तिला नंतर शिकवलं, महिन्याभरात आलं. मंडईला घरी आली की शाळेत डोकावते आणि आधी विचारते, यंदा चटईवर कोन हाय?

अब्बा आता नाहीत. त्यांचा पडदा आहे, नारळाच्या झाडांचा आणि खडूच्या मोहाचा. खडू दर वर्षी पुसला जातो, दर वर्षी नवी पोरं नवा मोह काढतात. या शुक्रवारी मी तो बाहेर काढला तेव्हा गुरुजींच्या जागी आलेले तरुण सर म्हणाले, "म्याडम, पत्र पाह्यलं न तुम्ही? रांगेत बसवा म्हणते. घड्याळ लावा म्हणते."

पाहिलं, म्हटलं. दोरीचं ते टोक धरा जरा.

त्यांनी धरलं. यंदा चटईवर दुसरीतली एक बारकी पोरगी आहे, परवा भिंतीपाशी भांडणाऱ्यांपैकी एकाची बहीण. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि पहिलं वाक्य सांगितलं. मग थांबली. पडद्यापुढचा वाघ विसरला होता. तरुण सरांचा हात सवयीनं फोनकडं गेला, आणि मी तो धरला. पोरीनं वाक्य पुन्हा सांगितलं, जरा जोरात, आणि आम्ही सगळे वाघाची वाट पाहत उभे राहिलो.